नांगर, मासिक आणि वाचकाचा विश्वास

'आजचे युग हे जाहिरातीचे युग आहे' या वाक्याने सुरू होणारा निबंध मी आठवीपासून बारावीपर्यंत निदान चार वेळा तरी लिहिला असेल. जाहिरातीचे फायदे एका परिच्छेदात, तोटे दुसऱ्या परिच्छेदात आणि शेवटी 'ग्राहकाने सारासार विचार करावा' असे म्हणून पेन खाली ठेवायचे, एवढीच त्या विषयाची माझी समज होती. पण भिंतीवर रंगवलेली किंवा वर्तमानपत्रात छापलेली जाहिरात निदान 'मी जाहिरात आहे' असे सांगून तरी समोर येते. जी जाहिरात शेजाऱ्याच्या अनुभवासारखी, मित्राच्या सल्ल्यासारखी किंवा गावातल्या शिकलेल्या पोराने दिलेल्या माहितीसारखी येते, तिच्याविषयी आमच्या निबंधाच्या पुस्तकात एक ओळही नव्हती. या लेखात मी तिच्याविषयी लिहिणार आहे. तशी जाहिरात मी स्वतः केली आहे आणि तिचा हिशेब माझ्या मनात अजून पुरता मिटलेला नाही.

प्रथम ही पद्धत काय आहे ते सांगतो. इंग्रजीत तिला ॲफिलिएट मार्केटिंग म्हणतात. आपण शिफारशीवरचे कमिशन म्हटले तरी चालेल. यात तीन माणसे असतात. एक माल विकणारा, दुसरा शिफारस करणारा आणि तिसरा माल घेणारा. विकणारा शिफारस करणाऱ्याला एक खूण देतो. कधी ती काही अक्षरे आणि आकडे असतात, कधी मोबाईलवर दाबायचा दुवा असतो, तर कधी दुकानात जाऊन 'मला अमक्याने पाठवले' एवढे सांगणेही पुरते. त्या खुणेने जेवढी विक्री होईल तेवढ्यावर शिफारस करणाऱ्याला ठरलेला हिस्सा मिळतो. विक्री झाली नाही तर काहीच मिळत नाही. त्यामुळे विकणाऱ्याचा पैसा वाया जात नाही आणि शिफारस करणाऱ्याला भांडवल लागत नाही.

यात मुळात वाईट असे काही नाही. विम्याचा एजंट किंवा जमिनीच्या व्यवहारातला मध्यस्थ असाच जगतो, आणि तो कशावर जगतो हे साऱ्या गावाला ठाऊक असते. प्रश्न येतो तो घेणाऱ्याला त्या हिश्शाची माहितीच नसते तेव्हा. या धंद्यातले जाणते लोक सांगतात की शिफारस जितकी जाहिरातीसारखी दिसणार नाही तितकी ती चालते. आधी लोकांना उपयोगाचे काही द्यावे, त्यांचा विश्वास बसू द्यावा आणि मग मध्येच हळूच मालाचे नाव घ्यावे. या 'हळूच' शब्दात सगळी मेख आहे.

आता माझी हकीकत. आमचे गाव तासगावच्या बाजूचे, द्राक्षबागांचे. गेल्या वर्षी प्रथम वर्षाला असताना मी दिवाळीच्या सुट्टीत आणि नंतर दर शनिवार-रविवारी तालुक्याच्या गावी शेती औषधांच्या एका दुकानात कामाला होतो. दुकानाचे मालक माणूस म्हणून वाईट नव्हते. मी बी.ए. करतो आणि बरे लिहितो हे कळल्यावर त्यांनी मला एक काम सांगितले. गावकऱ्यांच्या मोबाईलवरच्या गटात मी द्राक्षाविषयी लिहायचे. ते म्हणाले, "नुसती जाहिरात टाकू नकोस, कोण बघत नाही. डावणी कशी ओळखायची, ढगाळ हवेत काय करायचं, असलं कामाचं लिही. लोक वाचायला लागले की मग आपल्या टॉनिकचं नाव घे." माझ्या नावाने खपलेल्या प्रत्येक बाटलीमागे मला ४० रुपये मिळायचे होते.

मी महिनाभर मन लावून लिहिले. पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, त्याचे सल्ले वाचून सोप्या भाषेत मांडले. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळसर डाग आणि त्याच जागी खाली पांढरी बुरशी दिसली म्हणजे डावणी समजावी, पानावर पाणी जितका वेळ राहील तितकी ती पसरते, असे सारे खरे तेच लिहिले. लोक वाचू लागले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आण्णा लोकांच्या बागेत छाटणीला आणि विरळणीला जातात. त्यांना कामावर लोक म्हणू लागले, "पोरगं चांगलं लिवतंय." मग एका रात्री मी लिहिले की मणी एकसारखे फुगण्यासाठी अमुक टॉनिकचा आमच्याकडे चांगला अनुभव आहे. आमच्या घरी द्राक्षाची एक वेलही नाही. 'आमच्याकडे' म्हणजे दुकानात, अशी मी मनाची समजूत घातली होती.

आमच्या वस्तीवरच्या तात्यांनी ६ बाटल्या नेल्या. त्यांच्या बागेला त्याने काही इजा झाली नाही आणि फायदाही काही दिसला नाही. पुढे त्यांचे जावई आले. ते शेतकी शिकलेले. बाटलीवरचा मजकूर वाचून त्यांनी सांगितले की हेच घटक असलेले दुसरे औषध निम्म्या किमतीत मिळते. त्या संध्याकाळी तात्या आमच्या दारात उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "काय रं, तुला किती मिळालं ह्यातनं?"

मी म्हणालो, "काही नाही, तात्या."

आण्णांनी माझ्याकडे नुसते पाहिले. पुढच्या आठवड्यात हवामान खात्याने अवकाळी पावसाचा इशारा दिला तो मी तसाच्या तसा गटात टाकला. त्यात विकण्यासारखे काहीही नव्हते. तरी खाली एकाने विचारले, "ह्यात कुणाचं औषध हाय?" मला त्या दिवशी समजले की माझे पूर्वीचे खरे लिखाणसुद्धा आता खोटे ठरले होते. मी दुकानातले काम सोडले.

पण मनात एक प्रश्न राहिला. माल खपावा म्हणून लिहिलेले सारेच लबाडीचे असते काय? मी आमच्या मराठीच्या सरांना हे विचारले. त्यांनी सरळ उत्तर दिले नाही. ते म्हणाले, "किर्लोस्करवाडी तुझ्या गावाजवळ आहे ना? मग 'किर्लोस्कर खबर'विषयी वाच."

मी वाचले. ज्यांना ही हकीकत ठाऊक आहे त्यांनी क्षमा करावी. माझ्यासारख्या पुष्कळांना ती ठाऊक नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे ते कडब्याच्या कुट्टीची यंत्रे आणि लोखंडी नांगर करू लागले. बेळगावातली जागा सोडण्याची वेळ आली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातला कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ त्यांना दिला आणि १० हजार रुपये कर्जाऊ दिले. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. पण १९४९ साली हा भाग 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले, हे लक्षात घेतले म्हणजे दोन्ही जिल्ह्यांचा हा सामाईक वारसा आहे असे म्हणता येते.

नांगर तयार झाला, पण तो घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. आज आपल्याला या समजुतीचे हसू येते. पण मला वाटते, त्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहावे. लाकडी नांगर गावचा सुतार करून देत असे. मोडला तर तोच दुरुस्त करत असे आणि त्याचे देणे सुगीला धान्यात भागत असे. तो सुतार कोणाचा कोण हे ठाऊक होते. लोखंडी नांगर मात्र अनोळखी कारखान्यातून येणार, त्याला रोख पैसे मोजावे लागणार आणि त्याचा फाळ झिजला तर पुन्हा त्याच कारखान्याकडे जावे लागणार. म्हणजे शेतकऱ्याला नांगराबरोबर कधी न पाहिलेल्या माणसांवरचा विश्वासही विकत घ्यायचा होता, आणि तो दुकानात मिळत नव्हता.

या कारखान्यात लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर आले. ते चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते आणि व्यंगचित्रे काढीत. मराठी वाचक त्यांना 'शंवाकि' म्हणून ओळखतात. 'शंवाकीय' हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे. त्यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. कारखान्याचा माल आणि कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत पोचवावी हा तिचा मूळ हेतू. पण हळूहळू तिच्यात उद्योगधंदा, आरोग्य, स्वतःची उन्नती कशी करावी, रूढींचा पुनर्विचार असे विषय येऊ लागले. १९२९ साली 'खबर' हा शब्द गळाला आणि नुसते 'किर्लोस्कर' राहिले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही मासिके निघाली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'मधून आले. 'गोट्या'चे लेखक ना. धों. ताम्हनकर याच परिवारातले. एका माळरानावरच्या नांगराच्या कारखान्यातून निघालेली ही मासिके मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत वाचली जाऊ लागली.

आता आपल्या विषयाकडे येऊ. हीसुद्धा हळूच केलेली जाहिरातच नव्हती काय? होती. शंकररावांनी ते कधी नाकारण्याचे कारणही नव्हते, कारण मासिकाचे नावच मुळी कारखान्याचे होते. माझ्या आणि त्यांच्या लिखाणातला फरक मला येथे दिसला. मी महिनाभर उपयोगी माहिती दिली, तशी त्यांनीही अनेक वर्षे दिली. फरक असा की त्यांच्या प्रत्येक अंकाच्या मुखपृष्ठावर देणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत होते. हा कागद नांगरवाल्यांकडून आला आहे, हे वाचक पहिल्या पानावरच जाणत असे. मग आतला मजकूर वाचताना जेवढे वजा करायचे तेवढे तो वजा करून वाचत असे. मी मात्र माझे ४० रुपये लपवले आणि वाचकाला वजाबाकी करण्याची संधीच दिली नाही.

दुसरा फरक असा की जो वाचक कधीच नांगर घेणार नव्हता त्यालाही त्या मासिकातून काही मिळत होते. पुण्यातल्या वाड्यात 'स्त्री' वाचणाऱ्या बाईला नांगराचे काय काम? तरी तिला वाचायला काही चांगले मिळे आणि किर्लोस्कर हे नाव तिच्या घरात आदराने घेतले जाई. नांगर खपला नाही म्हणून लेख वाया गेला असे होत नव्हते. माझे लिखाण मात्र बाटली खपण्यापुरतेच होते. बाटलीवर येण्यासाठी ते एक महिना वाट चालत होते इतकेच.

अर्थात मालकाच्या मासिकाला मर्यादा असतेच. आमच्या मालापेक्षा शेजारच्या कारखान्याचा माल बरा, असे कोणते मासिक छापील? ही मर्यादा वाचकाला दिसत असली म्हणजे तिच्यात फसवणूक राहत नाही. लपवलेल्या कमिशनात हीच मर्यादा असते आणि वाचकाला ती दिसत नाही. तात्यांना मी निम्म्या किमतीच्या औषधाचे नाव सांगितले नाही. खरे तर मला ते ठाऊकही नव्हते, कारण त्यावर कमिशन नसल्यामुळे मी ते शोधलेच नाही. कमिशन माणसाला नेहमी खोटेच बोलायला लावते असे नाही, पण काय शोधायचे आणि कशाबद्दल गप्प बसायचे हे ते ठरवते.

परदेशातही अशी उदाहरणे आहेत आणि त्यातले एक तर नांगराचेच आहे. अमेरिकेत जॉन डिअर याने १८३७ साली पोलादी नांगर केला. त्याच्या कंपनीने १८९५ साली शेतकऱ्यांसाठी 'द फरो' नावाचे नियतकालिक सुरू केले. फरो म्हणजे नांगराचे तास. ते आजही निघते. फ्रान्समध्ये मिशेलिन या टायरच्या कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका फुकट वाटायला सुरुवात केली. लोकांनी मोटारीने लांब हिंडावे म्हणजे टायर झिजतील, हा साधा हिशेब. पुढे त्या पुस्तिकेतली भोजनगृहांची पारख इतकी नावाजली की १९२६ पासून तिने दिलेल्या ताऱ्यांवर स्वयंपाक्यांची कीर्ती ठरू लागली. तिचे तपासनीस आपली ओळख लपवतात आणि जेवणाचे बिल स्वतः भरतात. जेवण फुकट घेतले की जीभ बांधली जाते, हे त्या टायरवाल्यांनी ओळखले होते. ज्याची पारख करायची त्याचे मीठ खायचे नाही, हा नियम आपल्यालाही नवा नाही.

आमच्या भागातले आणखी एक उदाहरण मला फार जवळचे वाटते. कर्मवीर भाऊराव पाटील शिक्षणकार्यात पूर्णपणे उतरण्यापूर्वी फिरते विक्रेते होते. ओगलेवाडीच्या काच कारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर यांच्या विक्रीसाठी त्यांनी गावेच्या गावे पायाखाली घातली. पुढे साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. त्या फिरतीत त्यांनी खेड्यांतले अज्ञान आणि दारिद्र्य जवळून पाहिले. १९१९ साली कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्याला हलवले. निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवणाऱ्या त्यांच्या वसतिगृहासाठी गावोगावच्या लोकांनी धान्य दिले, पैसे दिले आणि मुख्य म्हणजे आपली पोरे स्वाधीन केली. पोर स्वाधीन करण्याइतका विश्वास विक्रेत्यावर कोण ठेवतो? मला वाटते, नांगर विकणारा हा माणूस नांगर विकतो आहे हे उघड होते, म्हणूनच तो पुढे दुसरे काही मागायला आला तेव्हा त्याच्या मागण्यामागे आणखी काही दडले असेल असे लोकांना वाटले नाही. आज माझ्यासारखी पहिल्या पिढीतली हजारो मुले कॉलेजात बसतात ती त्या विश्वासाच्या पुण्याईवर. गावाने माझे लिखाण वाचले ते मी कोणी मोठा म्हणून नव्हे, 'शिकलेला खोटं सांगणार नाही' या समजुतीने. ती समजूत मी कमावलेली नव्हती. ती माझ्या आधीच्या माणसांनी जमवलेली ठेव होती आणि मी ती बाटलीमागे ४० रुपयांना मोडली.

विश्वास इतका महत्त्वाचा का, याचे एक व्यवहारी कारणही आहे. बाजारातल्या वस्तू मला तीन प्रकारच्या दिसतात. काही वस्तू घेण्यापूर्वीच पारखता येतात. गुळाच्या ढेपेचा खडा तोंडात टाकला की गूळ कळतो. काही वस्तू वापरल्यावर कळतात. बियाणे उगवले की नाही हे आठ-दहा दिवसांत दिसते, नांगर कसा चालतो हे एका हंगामात समजते. पण काही वस्तू वापरल्यावरही कळत नाहीत. टॉनिक मारले आणि मणी फुगले, तर ते टॉनिकाने फुगले की हवा चांगली होती म्हणून, की खत वेळेवर पडले म्हणून? नाही फुगले, तर ते बनावट होते की पाऊस आडवा आला? अशा वस्तूंच्या बाबतीत गिऱ्हाईक सर्वस्वी दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून असते. लोखंडी नांगराविषयी कोणी खोटे छापले असते तर शेताने ते एका हंगामात उघडे पाडले असते. टॉनिक, वजन उतरवण्याची पावडर, केसांचे तेल, स्पर्धा परीक्षेचे वर्ग यांच्याविषयी तसे होत नाही. छुपी शिफारस ज्या वस्तूंची नेहमी कानावर येते त्या बहुधा याच प्रकारातल्या, हा योगायोग नसावा.

आमचे आबा सांगतात की पूर्वी जनावरांच्या बाजारात बैलाचा भाव रुमालाखाली ठरायचा. हेडी आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात धरून बोटे दाबत. भोवतीच्या माणसांना काय ठरले ते कळत नसे. मध्यस्थाने दोन्हीकडून किती खाल्ले हे तर कोणालाच कळत नसे. याच्या उलट सांगलीला हळद सौद्याला घातली की शेतकऱ्याच्या हातात पट्टी येते. वजन किती, दर काय, हमाली किती, तोलाई किती हे तीत लिहिलेले असते. शेतकरी त्यावर कुरकुर करतो, भांडतोही. पण भांडता येते ते आकडा समोर असतो म्हणून. शिफारस करणाऱ्यानेही आपली पट्टी द्यावी, रुमाल टाकू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

कायद्यानेही आता हेच सांगितले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल माल करणाऱ्याला आणि शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा तोच गुन्हा केल्यास तो ५० लाखांपर्यंत जातो. शिफारस करणाऱ्याला १ वर्षापर्यंत आणि पुन्हा केल्यास ३ वर्षांपर्यंत शिफारस करण्याची बंदीही होऊ शकते. जाहिरात व्यवसायाच्या स्वनियमन संस्थेने २०२१ साली आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ च्या जानेवारीत जे नियम सांगितले त्यांचा गाभा एकच आहे. शिफारस करणाऱ्याचा विकणाऱ्याशी काही संबंध असेल, म्हणजे पैसे, कमिशन, फुकट मिळालेला माल किंवा नातेसंबंधसुद्धा, तर तो सहज दिसेल अशा ठिकाणी आणि साध्या भाषेत सांगितला पाहिजे. ज्या वस्तूची शिफारस करतो ती स्वतः वापरलेली असावी, असेही त्यात आहे. हे नियम मोठ्या नटनट्यांसाठी आहेत असे मला वाटत असे. ते माझ्यासारख्या पोरालाही लागू होतात, हे वाचून मी जरा चपापलो.

पण कायदा आमच्या वस्तीपर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. तोवर वाचणाऱ्याने तीन साधे प्रश्न विचारावेत असे मला वाटते. हे सांगणाऱ्याला यातून काय मिळते? त्याने वस्तू स्वतः वापरली आहे काय, आणि कुठे? मी ही वस्तू घेतली नाही तरी या लिखाणातून मला काही मिळते काय? शेतकऱ्याला याहून एक खात्रीचा उपाय आहे. कोणतेही नवे औषध मारताना बागेतल्या चार ओळी सोडाव्यात आणि बाकी सारे तेच करावे. पुढे दोन्हींकडचे घड शेजारी शेजारी धरून पाहावेत. मग कोणाच्या शब्दावर अवलंबून राहावे लागत नाही.

आणि लिहिणाऱ्याने काय करावे? कमिशन घेऊच नये, असा उपदेश मी करणार नाही. फीचे पैसे कुठून येतात हे मला ठाऊक आहे. पण कमिशन पहिल्या ओळीत सांगावे, शेवटच्या नव्हे. ज्यावर कमिशन नाही अशी चांगली वस्तू ठाऊक असेल तर तिचेही नाव घ्यावे. वापरले नसेल तर वापरले म्हणू नये. हे सारे पाळले तर विक्री कमी होईल, पण जी होईल तिच्यानंतर गावात तोंड दाखवता येईल.

हा लेख लिहायला घेतल्यावर मी २४० रुपये घेऊन तात्यांकडे गेलो. "त्या वेळी मी खोटं बोललो. बाटलीमागं चाळीस रुपये मिळाले होते," असे सांगितले. तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैशाचं ऱ्हाऊ दे, पुस्तकं घे त्येची. पर फुडल्या येळंला आदुगर सांगत जा." घरी येऊन मी तीच गोष्ट गटातही लिहिली. आमच्या घरी द्राक्षबाग नाही, हेही लिहिले. त्यावर कोणी काही बोलले नाही. माझ्यावरचा विश्वास परत आला असे मी म्हणणार नाही. तो परत यायला किती हंगाम लागतील ते गावाच्या हाती आहे.

मात्र यंदा तात्यांनी जावयांनी सांगितलेले औषध मारताना पाटाकडच्या चार ओळी तशाच सोडल्या आहेत. दर रविवारी मी तेथे जाऊन मण्यांचे माप वहीत लिहितो. हा अंक आपल्या हाती पडेल तोवर त्या ओळींचा निकाल लागलेला असेल. तो जसा लागेल तसाच मी गटात लिहिणार आहे.